गोदावरीला पोहता येत नाही

पोहण्याच्या तलावात चार गोष्टी हमखास साचतात. क्लोरीनचा वास, केसांचे गुंते, पडलेल्या टिकल्या आणि किस्से! पहिल्या तीन गोष्टी दर सोमवारी तलाव बंद ठेवून साफ करतात. किस्से मात्र कोणी काढत नाही. चेंजिंग रूमच्या बाकावर, ओल्या टॉवेलांच्या वासात, ते एकावर एक चढत जातात.

आमची लेडीज बॅच. नाशिकला गंगापूर रोडच्या एका गल्लीतला तलाव, वेळ सकाळी अकरा ते बारा. घरातली माणसं ऑफिसला, शाळेला गेली, कुकर उतरला, की आम्ही निघायचो. बारा-तेरा जणी, वयं चोवीस ते चौसष्ट, आणि सगळ्यांत एक गोष्ट कॉमन : पाण्याची भीती!

अर्थात तसं कबूल कोण करतंय? मी सांगायचे, "डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पोहायला सांगितलंय." नलूताई, मराठीच्या रिटायर्ड शिक्षिका, म्हणायच्या, "घरात वेळ जात नाही हो." श्रुती, आमच्यातली सगळ्यात लहान, वर्क फ्रॉम होमवाली, ती म्हणायची, "फिटनेस!" खरं एवढंच, की आम्ही सगळ्या जणी इतकी वर्षं पाण्यापासून चार हात लांब उभ्या होतो आणि आता लाज वाटायला लागली होती.

खरं बोलणारी एकच निघाली. तिचं नाव गोदावरी. हे किस्से तिच्या नावाचे आहेत.

*

पहिला दिवस. एप्रिलचं ऊन. वाघ मॅडम आमच्या कोच, आडनावाला जागणाऱ्या. गळ्यात शिट्टी, हातात यादी.

"गोदावरी!"

उत्तर नाही.

"गोदावरी आलीये का?"

शॉवरच्या भिंतीमागून एक हात वर आला. नुसता हात.

"बाहेर ये."

"मॅडम, इथूनच हजेरी लावा ना!"

शेवटी ती बाहेर आली. अडतीस वर्षांची, ठेंगणी, अंगात नवाकोरा कॉश्च्यूम आणि कॉश्च्यूमवर सेफ्टी पिनांनी पक्की केलेली ओढणी! मॅडमनी ओढणी काढायला लावली, हात धरला आणि चार फुटांच्या बाजूच्या पायऱ्यांवर आणलं. पहिली पायरी. दुसरी पायरी. पाणी घोट्याला लागलं आणि एवढ्या उन्हात तिचे दात वाजायला लागले.

श्रुतीला राहवलं नाही. "नाव गोदावरी आणि पाण्याला घाबरता?"

"मी नामपूरची आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे मोसम नदी. गोदावरी मी नुसती नावाची!"

आम्ही सगळ्या हसलो. ती हसली नाही. तिसऱ्या पायरीवर तिने मॅडमचा हात दोन्ही हातांनी आवळला आणि किंचाळली, "मॅडम, माले सोडू नका! मी मरी जासू!"

ती बागलाणातली. एरवी आपल्यासारखंच बोलते, पण घाबरली की तिची अहिराणी सुरू होते. आम्हाला मोजपट्टीच मिळाली! गुडघ्याइतक्या पाण्यात थोडी अहिराणी, कमरेइतक्या पाण्यात अर्धी, छातीइतक्या पाण्यात पूर्ण.

पाणी गळ्याशी आलं तेव्हा ती एकदम गप्प झाली. मग आम्ही घाबरलो.

*

नलूताईंची शाळा सुटली तरी शिकवणं सुटलेलं नाही. एकदा बाकावर केस पुसता पुसता त्यांनी तास सुरू केला.

"गोदावरी, तुझ्या नावाचा अर्थ माहीत आहे का तुला? गो म्हणजे गाय, आणि गो म्हणजे पाणीसुद्धा. दा म्हणजे देणारी. गोदा, म्हणजे पाणी देणारी. आणि वरी म्हणजे त्यांतली श्रेष्ठ. काय नाव आहे! आणि तू मुलांच्या त्या तीन फुटी तलावात बसून राहतेस!"

गोदावरी पायाची बोटं कोरडी करत होती. म्हणाली, "बाई, आमच्या घरी त्याचा अर्थ वेगळा होता."

झालं असं होतं, की तिची आजी गेली तेव्हा तिची आई दिवस भरलेली होती. वडील आजीच्या अस्थी घेऊन एकटेच नामपूरहून नाशिकला आले. नदीवर सगळं उरकलं, दुपारची एसटी धरली आणि संध्याकाळी घरी पोचले, तर दारातच सुईणीने सांगितलं, मुलगी झाली. वडील उंबऱ्यावर बसले आणि रडत रडत हसले म्हणे. "आईला गोदावरीत सोडून आलो," ते म्हणाले, "आणि ती माझ्या आधी घरी पोचली!"

नाव तिथेच ठरलं. बारशाची वाटसुद्धा पाहिली नाही.

"किती सुंदर!" नलूताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"त्यांच्यासाठी सुंदर," गोदावरी म्हणाली. "मला सगळे कौतुकाने ही गोष्ट सांगायचे. मी पाच वर्षांची असेन. मला वाटायचं, आजीला माझ्यात बुडवलंय! पोटात गुडगुडलं की मी आईला जाऊन विचारायची, आजी हलली का?"

आम्ही हसलो खऱ्या, पण त्या दिवशी शॉवरखाली एकटं थांबायला कोणी तयार नव्हतं.

*

महिना झाला तरी गोदावरीने कडेचा दांडा काही सोडला नाही. तलावाला चारी बाजूंनी स्टीलचा दांडा आहे. आम्ही त्याला धरून लाथा मारायला शिकतो आणि मग सोडतो. ती लाथा उत्तम मारायची, श्वास उत्तम घ्यायची. फक्त दांडा सोडा म्हटलं की बोटं पांढरी!

वाघ मॅडम एकदा वैतागल्या. "गोदावरी, जबरदस्ती नाही. नाही जमत एखादीला. घरी बस आरामात!"

"घरी नाही बसता येत, मॅडम."

मग तिने सांगितलं. तिची मुलगी ओवी, चौथीत. डिसेंबरात नवऱ्याच्या कंपनीची पिकनिक एका रिसॉर्टवर गेली होती. पोरं पाण्यात ट्यूब घेऊन खेळत होती, बायका कडेला खुर्च्या टाकून बसलेल्या. गोदावरी काठावर उभी, मुलीवरची नजर न हलवता.

तिच्या डोळ्यांसमोर ओवी ट्यूबमधून खाली सरकली.

"हाताच्या अंतरावर होती, मॅडम. वाकून हात लांब केला असता तर वेणी हातात आली असती. माझा हात हललाच नाही! ओरडायला तोंड उघडलं, तर आवाजच नाही. मी नुसती बघत होते. पाण्याखालून तीही माझ्याकडे बघत होती."

कोणीतरी उडी मारून ओवीला काढलं. खोकली, रडली, आईस्क्रीम खाल्लं, सगळं ठीक. परतीच्या बसमध्ये ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती.

"मम्मी, तू मला बघत होतीस ना?"

"हो, पिल्लू."

"मग?"

गोदावरी आमच्याकडे बघून म्हणाली, "त्या 'मग'चं उत्तर मला अजून देता आलेलं नाही."

वाघ मॅडमनी पुन्हा तिला घरी बस असं कधी म्हटलं नाही.

*

आता तिच्या लग्नाचा किस्सा. हा तिने स्वतःच हसत हसत सांगितला होता, त्यामुळे हसायला हरकत नाही.

नवरा दीपक नाशिकचाच, सातपूरला कंपनीत आहे. स्थळ पसंत पडलं, बैठक झाली, सगळं गोडीगुलाबीत. सासूबाईंनी एकच अट घातली. मुलीचं नाव बदलायचं.

"काय वाईट आहे नावात?" गोदावरीच्या वडिलांनी विचारलं.

"वाईट काय नाय. पण माझ्या घरात ते नाव नको. दुसरं कायबी ठेवा."

सासूबाई निफाडकडच्या, नदीकाठच्या गावच्या. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी पुरात गेला होता, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून कोणी वाद घातला नाही. नदीचं नाव रोज घरात कसं घ्यायचं त्या बाईने?

लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले. दीपकच्या हातात अंगठी दिली. नाव त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं, सरप्राइज! त्याने अंगठीने तांदळात तीन अक्षरं कोरली. भटजींनी मोठ्याने वाचलं, "सरिता!"

टाळ्या झाल्या. पेढे वाटले. सासूबाईंनी दोन्ही हातांनी सुनेची अलाबला घेतली. "बघ, कसं हलकं झालं नाव!"

सरिता नावाने गोदावरीने तिथे तेरा वर्षं संसार केला.

आणि मग गेल्या वर्षी ओवीच्या शाळेत समानार्थी शब्द आले! ओवी दिवाणखान्यात घोकत बसलेली, आजी शेजारी मेथी निवडत होत्या.

"सूर्य, रवी, भास्कर. फूल, सुमन, पुष्प. नदी, सरिता... आज्जी! मम्मीचं नाव आलं! मम्मी म्हणजे नदी!"

मेथी निवडणारा हात थांबला.

दीपकला रीतसर बोलावणं गेलं. "तुला ठाऊक व्हतं?"

"आई, शप्पथ नाही! वर्गातल्या एका मुलीचं नाव होतं, बरं वाटलं म्हणून ठेवलं!"

यावरून त्या नवरा-बायकोत जे झालं ते वेगळंच! पण सासूबाईंनी त्या दिवसापासून सुनेला नावाने हाक मारणंच बंद केलं. गोदावरी नाही, सरिता नाही. नुसतं "अगं". चहा झाला का अगं. ओवी आली का अगं.

"आधार कार्डावर गोदावरी, नातेवाइकांत सरिता, घरात अगं," ती म्हणाली. "इथं तलावावर वाघ मॅडम ओरडतात ना पूर्ण नाव घेऊन, तेव्हा मला आधी भीती वाटते आणि मग लय बरं वाटतं."

*

जुलै आला, पाऊस लागला, नदी चढली आणि श्रुतीला खेळ सापडला.

पेपरात, मोबाईलवर रोज बातम्या. "गोदावरीच्या पातळीत वाढ." "गोदावरी दुथडी भरून." श्रुती त्या आमच्या बॅचच्या ग्रुपवर टाकायची. गोदावरी दांडा धरून पाच फुटांच्या रेषेपलीकडे गेली, की ग्रुपवर बातमी : "गोदावरीने ओलांडली धोक्याची पातळी!" गोदावरीही हसायची.

एका सकाळी काय झालं कोणास ठाऊक, तिने दांडा सोडला! दोन सेकंद. सरळ खाली गेली, वर आली, खोकली, पुन्हा दांड्याला चिकटली आणि दोन मिनिटं अखंड अहिराणीत आम्हाला सगळ्यांना काहीतरी सुनावत राहिली. आम्ही टाळ्या वाजवल्या. श्रुतीची ऑफिसची मीटिंग होती, ती लवकर निघाली. जाता जाता चेंजिंग रूममधून तिने ग्रुपवर टाकलं :

"ब्रेकिंग! गोदावरी बुडाली!!"

पुढे सात-आठ हसणारी तोंडं.

पण गोदावरीचा फोन त्या दिवशी घरी राहिला होता. पावसामुळे शाळेला सुट्टी, आणि फोन ओवीच्या हातात. ओवीने आजीला वाचून दाखवलं. हसणारी तोंडं कोणी वाचून दाखवत नाही.

अर्ध्या तासाने तलावाच्या आतल्या फाटकापाशी एक म्हातारी दिसली. हिरवं लुगडं, पायात चप्पल नाही, पदर चिखलात. एका हाताने ओवीचं मनगट धरलेलं, दुसऱ्या हाताने फाटकाचा गज. वॉचमन म्हणत होता, "आजी, जा ना आत!" पण तिथून पाणी दिसत होतं, आणि त्या पुढे पाऊल टाकू शकत नव्हत्या. त्यांनी डोळे मिटले आणि सगळा जीव आवाजात आणून हाक मारली.

"अगं! अगं ए! अगंऽऽ!"

तलावातल्या आम्ही सगळ्या जणींनी एकदम वळून पाहिलं. आपापल्या घरी आम्ही सगळ्याच 'अगं' होतो!

गोदावरी दांड्याला धरून सरकत सरकत पायऱ्यांपाशी आली आणि तशीच निथळत फाटकाकडे धावली. सासूबाईंनी डोळे उघडले. तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खाडकन एक थोबाडीत दिली.

मग तिचं डोकं जवळ ओढून पदराने पुसायला लागल्या. पुसत राहिल्या. केस कधीच कोरडे झाले होते.

श्रुतीने ग्रुप डिलीट केला.

*

हा माझाच किस्सा. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

ऑगस्टपर्यंत मला जरा जमायला लागलं होतं. जमायला लागलं की माणूस शहाणपणा करतो! मी आठ फुटांच्या बाजूला, दांड्यापासून दोन हात लांब, गोदावरीला शिकवत होते. मी! "अगं, हे बघ, शरीर सैल सोडायचं, पाणी आपल्याला उचलतं..."

आणि माझ्या पोटरीत पेटका आला.

असं दुखलं की पाय पोटाशी गेला आणि मी खाली. डोळ्यांसमोर हिरवं. नाकात पाणी, घशात पाणी. वर आले तेव्हा वाघ मॅडम दिसल्या, पार पलीकडच्या टोकाला, नलूताईंना फ्लोटिंग शिकवताना. हाक मारायला तोंड उघडलं तर पुन्हा खाली. त्या क्षणी मला मुलं आठवली नाहीत, नवरा आठवला नाही. गॅस बंद केला होता का, एवढंच आठवलं! मरताना असंच काहीतरी येत असावं मनात, या विचाराने मी जास्त घाबरले.

तेवढ्यात तोंडाजवळ काहीतरी आलं. पाऊल! गोदावरीने एका हाताने दांडा घट्ट धरला होता आणि सगळं अंग ताणून पाय माझ्याकडे लांब केला होता.

"वर्षाताई, पाय धरा!"

मी धरला.

"आता माझं नाव घ्या!"

"गो..." पाणी.

"पूर्ण घ्या! मोठ्यांदा!"

"गोदा... वरी!"

"परत! थांबू नका!"

"गोदावरी! गोदावरी! गोदावरी!"

मी तिचा घोटा धरून देवाचं नाव घ्यावं तसं तिचं नाव घेत होते. किती वेळा घेतलं आठवत नाही. मग वाघ मॅडमचा दणकट हात माझ्या काखेत आला.

काठावर मला उताणं टाकलं, पोटरी चोळली, साखर-लिंबाचं पाणी पाजलं. गोदावरी शेजारी बसली होती, एक हात अजूनही दांड्यावर. जरा बरं वाटल्यावर मी विचारलं, "नाव घ्यायला का लावलंस गं?"

"म्हणजे तुम्ही पाण्याच्या वर आहात ते कळत होतं ना."

"ते दिसत नव्हतं का तुला?"

"दिसणार कसं?" ती म्हणाली. "मी डोळे मिटले होते!"

*

थोबाडीत दिली त्या दिवसापासून गोदावरीच्या सासूबाई रोज यायला लागल्या. सुनेला एकटं सोडणार नाही म्हणाल्या. पहिले आठ-दहा दिवस बाहेर वॉचमनच्या खुर्चीवर, तलावाकडे पाठ करून. शिट्टी वाजली की दचकायच्या. मग खुर्ची फाटकाच्या आत आली. मग बाजूला वळली.

वाघ मॅडमचा नियम, तलावाच्या कडेला बसायचं तर टोपी कम्पल्सरी. आजींनी निमूटपणे निळी रबरी टोपी अंबाड्यावरून ओढली आणि वरून पदर घेतला! आमच्या बॅचच्या त्या सगळ्यात रुबाबदार मेंबर. पाण्याला स्पर्श न करणाऱ्या.

गणपतीच्या आधी दोन दिवस खूप पाऊस झाला. नदीकाठच्या दुकानांत पाणी शिरलं, आमचा तलावही बंद होता. तिसऱ्या दिवशी उघडीप पडली, आम्ही जमलो. फार कोणी आलं नव्हतं. आम्ही पाच-सहा जणी चार फुटांत दांडा धरून नुसत्याच गप्पा मारत होतो, पुराच्याच. आजी पायऱ्यांशी आल्या. वरच्या पायरीवर बसल्या. लुगडं पोटरीपर्यंत सावरलं आणि पाय पाण्यात सोडले.

पुराच्या गप्पा तिथेच थांबल्या.

नलूताईंना शांतता सहन होत नाही. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आजी, रागावू नका. सुनेचं इतकं चांगलं नाव. एकदाही नाही घेत तुम्ही. भावामुळे, होय ना?"

आजी पाण्यातल्या आपल्या पायांकडे बघत होत्या. पाण्यात ते वाकडे आणि लहान मुलीच्या पायांसारखे दिसत होते.

"माझं बी तेच नाव हाय," त्या म्हणाल्या.

"कुठलं?"

"म्हायेरचं नाव. गोदावरी. लग्नात मीच म्हणलं, बदला. म्हणून लीला झाले."

गोदावरी दांड्याला धरून त्यांच्याकडे सरकली. चौदा वर्षं एका घरात राहून तिला हे माहीत नव्हतं. दीपकलाही माहीत नसावं.

"नामा चार वर्सांचा व्हता. मी सात वर्सांची. पूर बघायला सगळं गाव काठावर. आई म्हणली, भावाकडं ध्यान ठिव. त्यानं सदरा काढून माझ्याकडं दिला, म्हणला, भिजंल. मी सदऱ्याची घडी घालत व्हते. घडी घालून वर बघितलं, तर तो नाय."

आजींनी हाताची घडी केली, उकलली, पुन्हा केली.

"तीन दिस आई काठावर बसली. खाणं नाय, पिणं नाय. लय मोठ्यानं हाक मारायची. 'गोदावरी, माझं लेकरू दे! गोदावरी, कुठं ठिवलं माझं लेकरू?' गाव सगळं रडायचं. म्हणायचं, नदीशी बोलती बिचारी."

"आणि तुम्ही?" नलूताईंनी विचारलं. "तुम्ही कुठे होता?"

"मी तिच्या मागंच उभी. सदरा हातात."

"मग?"

"मग काय. ती दर वेळंला हाक मारायची, आन् मी दर वेळंला म्हणायची, 'आई, माझ्याकडं नाय गं.'"